आयरिशमधलं ‘काढणं’: ‘बान्य’ हे क्रियापद पायरीपायरीने

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉनेमारात राहत असताना शेजारच्या आजींकडे मी पहिल्यांदा गेले तो दिवस ओलाचिंब होता. दार उघडताच त्या म्हणाल्या, “बान्य दीत द खोता, अगस सी शीस.” म्हणजे ‘कोट काढ आणि बस’. दोनच दिवसांनी त्यांचा मुलगा मागच्या वाफ्यात काय करतोय असं विचारलं, तर उत्तर आलं, “ता शे अ बान्त्य फाती.” तो बटाटे काढतोय. कोट काढायलाही बान्य आणि बटाटे काढायलाही बान्य!

त्याआधी मी हे क्रियापद शब्दकोशातून पाठ करायचा प्रयत्न करत होते. नीअल ओ डोनल यांच्या १९७७ सालच्या मोठ्या आयरिश-इंग्रजी कोशात याची नोंद लांबलचक आहे: कापणे, खणणे, सोडवणे, जिंकणे, गाठणे, संबंध असणे. इंग्रजीतून बघितलं की ही सगळी वेगवेगळी क्रियापदं वाटतात आणि एकही डोक्यात राहत नाही. मराठी माणसाला हा त्रास व्हायचं कारण नाही. आपल्याकडे ‘काढणे’ आहे. बटाटे काढतो, बूट काढतो, कुलूप काढतो, अर्थ काढतो, नाव काढतो. या पाचही ठिकाणी आयरिश माणूस बान्य वापरतो. म्हणून माझं सांगणं असं की हे क्रियापद शिकताना इंग्रजी मधे आणू नका. थेट मराठीतून आयरिशमध्ये उतरा.

आधी कान तयार करा

रोमन लिपीत हा शब्द बी, ए, आय, एन असा लिहितात. यातला आय वेगळा उच्चारायचा नसतो. पुढचा ‘न’ कोवळा आहे, एवढंच तो सांगतो. आयरिशमधल्या जवळपास प्रत्येक व्यंजनाचे असे दोन अवतार असतात, एक रुंद आणि एक कोवळा. कोवळा ‘न’ कसा म्हणायचा, तर ‘धान्य’ म्हणा आणि ‘न्य’वर जीभ टाळूला टेकलेली असतानाच थांबा, शेवटचा ‘अ’ बाहेर पडू देऊ नका. ध च्या जागी ब घातला की झालं बान्य.

मी इथे दिलेले उच्चार साधारण कॉनेमाराच्या वळणाचे आहेत आणि देवनागरीत जमतील तेवढेच जवळचे आहेत. उत्तरेकडे उल्स्टरमध्ये आणि दक्षिणेकडे मन्स्टरमध्ये स्वर बदलतात. ‘त्यांग्लन’ या संकेतस्थळावर एकेका शब्दाचा तिन्ही प्रांतांतला उच्चार ऐकता येतो. तिथे हा शब्द निदान दहा वेळा ऐका आणि मगच पुढे जा.

शब्दाची सुरुवात का बदलते

मराठीत घोडा असतो आणि ‘ला’ लागला की घोड्याला होतं. शब्दाचं शेपूट बदलतं. आयरिशमध्ये तोंड बदलतं. या क्रियापदाची तीन तोंडं आहेत: बान्य, वान्य, मान्य.

वान्य लिहिताना बी पुढे एच येतो. पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे हा आवाज ओठ गोल करून, दक्षिणेकडे दात ओठांना लावून काढतात. आपला ‘व’ या दोन्हींच्या मधोमध बसतो, त्यामुळे मराठी माणसाचा उच्चार इथे आपसूक बरा येतो. मान्य लिहिताना बी च्या आधी एम येतो आणि बी कागदावर राहूनही ऐकू येत नाही.

कुठलं तोंड कधी, हे क्रियापदाच्या आधीचा छोटा शब्द ठरवतो. वर्तमान आणि भविष्यकाळात नकाराचा ‘नी’ आला की व: नी वान्यन शे, तो काढत नाही. प्रश्नाचा ‘अन’ आला की म: अन मान्यन शे? तो काढतो का? ‘की’ या अर्थाचा ‘गो’ आला तरी म. भूतकाळात या छोट्या शब्दांना शेवटी ‘र’ लागतो आणि मग सगळीकडे व: नीर वान्य मे, मी काढलं नाही, अर वान्य तू? तू काढलंस का?

उत्तर देताना आयरिशमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ असे सुटे शब्द नाहीत. क्रियापदच परत म्हणायचं. ‘अर वान्य तू?’ याचं उत्तर ‘वान्य’ किंवा ‘नीर वान्य’. आपणही ‘काढलंस का?’ला ‘काढलं’ म्हणून मोकळे होतो, तसंच. आणि हो, ‘तू’ हा शब्द आयरिशमध्येही तूच आहे. मात्र आदरार्थी बहुवचन नाही. ‘शिव’ म्हणजे तुम्ही, पण ते फक्त अनेकांसाठी. ऐंशी वर्षांच्या आजींना मी पहिले काही आठवडे शिव म्हणत होते, तेव्हा त्या मागे वळून बघायच्या, आणखी कोण आलंय म्हणून. आजींनाही तूच म्हणायचं असतं.

काळ

हे नियमित क्रियापद आहे, पहिल्या गणातलं. याचे काळ आले की त्या गणातल्या शेकडो क्रियापदांचे आले.

वर्तमानकाळात मी आणि आम्ही यांचे सर्वनाम क्रियापदातच विरघळतात: बानिम, मी काढतो, बानिमिद, आम्ही काढतो. बाकी सगळ्यांना एकच रूप, बान्यन: बान्यन तू, बान्यन शे, बान्यन शी, बान्यन शिव, बान्यन शिअद. शे म्हणजे तो, शी म्हणजे ती, शिअद म्हणजे ते. हा वर्तमानकाळ सवयीचा आहे, ‘दर वर्षी काढतो’ अशा अर्थाचा. ‘आत्ता काढतोय’साठी वेगळी रचना लागते, ती पुढे येईल.

भूतकाळ सगळ्यात सोपा. मूळ शब्दाचं तोंड बदललं की झाला: वान्य मे, वान्य तू, वान्य शे. फक्त आम्ही साठी वान्यमर.

भविष्यकाळ: बान्हे मे, बान्हे तू, आम्हीसाठी बान्हिमिद. इथे लिहिताना एफ येतो आणि बोलताना बहुतेक ठिकाणी ‘ह’ ऐकू येतो. पुस्तकातून शिकलेले लोक तो ‘फ’ म्हणून ठासून उच्चारतात आणि समोरच्याला क्षणभर कळत नाही.

‘काढीन, पण…’ असा संकेतार्थ हवा असेल तर वान्हिन, मी काढलं असतं किंवा काढेन. वान्ह्या, तू काढशील. आज्ञार्थ एकाला बान्य, अनेकांना बानिगी. नको म्हणायला आधी ‘ना’ लावायचा आणि त्याने तोंड बदलत नाही: ना बान्य.

एका एचचा फरक

या पायरीवर जवळजवळ प्रत्येक शिकणारा अडखळतो, म्हणून इथे थोडं थांबू.

आयरिश क्रियापदाला कर्ता न सांगणारं एक खास रूप असतं. वर्तमानकाळात ते बान्त्यर असं होतं. ‘बान्त्यर मोन्य अन्शो’ म्हणजे ‘इथे मोन्य काढतात’. मोन्य ही जळणासाठी काढतात ती दलदलीतली माती, इंग्रजीत टर्फ; तिच्याबद्दल पुढे येईलच. मराठीत ‘इथे वाळू काढतात’ म्हणताना कोण काढतं ते आपण सांगत नाही, पण कुणीतरी माणसं काढतात हे गृहीत असतं. आयरिश रूपाचा भाव नेमका हाच आहे. इंग्रजी व्याकरणाच्या सवयीने याला कर्मणी म्हणू नका. ‘काढतात’ म्हणा, म्हणजे चुकणार नाही.

याच रूपाचा भूतकाळ बान्यू. आणि भूतकाळ असूनही त्याचं तोंड बदलत नाही! नकारातसुद्धा नाही: नीर बान्यू. आता दुसरं एक रूप बघा, ‘वान्यत शे’, म्हणजे ‘तो काढत असे’, जुन्या सवयीचा भूतकाळ. कागदावर या दोन्हींची अक्षरं तीच. फरक फक्त बी पुढच्या एचचा. एच नसेल तर ‘काढलं गेलं’, एच असेल तर ‘काढायचा’. मी एक जुनं पत्र वाचताना एच नजरेतून सुटला आणि ‘आजोबा दर वर्षी टर्फ काढायचे’ या वाक्याचा अर्थ ‘त्या वर्षी टर्फ काढला गेला’ असा लावून बसले. पुढचे दोन परिच्छेद काही केल्या जुळेनात. तेव्हापासून वाचताना या शब्दाच्या दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवते.

मोन्य अ वान्त्य: नाम झालेलं क्रियापद

मोन्य म्हणजे दलदलीतली काळी, तंतुमय माती. तिच्या विटा कापून, वाळवून चुलीत जाळतात. इंग्रजी बोलताना तिथले लोक तिला टर्फ म्हणतात. वसंतात पाऊस जरा उघडला की श्लान नावाची, पात्याला बाजूला पंख असलेली लांब कुदळ घेऊन लोक दलदलीवर जातात. पातं खाली जातं तेव्हा आवाज जवळजवळ होत नाही, थंड लोण्यात सुरी जावी तसं. निघालेली वीट हातात घेतली की पाण्याने जड आणि गुळगुळीत लागते. ती पसरायची, मग चार-पाच विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे वारा फिरतो. हे सगळं काम म्हणजे मोन्य अ वान्त्य. यंत्राने हेच काम करण्यासाठी १९४६ साली बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी निघाली. जळणासाठी टर्फ काढणं तिने २०२१ मध्ये कायमचं थांबवलं. टर्फबद्दलच्या आयरिश बातम्यांत ‘बान्त्य ना मोना’ हे शब्द हमखास दिसतात. त्यांचा अर्थ ‘टर्फची काढणी’.

बान्त्य हे बान्यचं नामरूप. मराठीत काढणे या क्रियापदावरून काढणी हे नाम आलं, तसं. याचे दोन उपयोग पक्के करा.

पहिला, आत्ता चाललेली क्रिया. ‘ता शे अ बान्त्य मोना’ याचा शब्दशः अर्थ ‘तो मोन्यच्या काढणीपाशी आहे’. म्हणूनच मोन्यचं मोना झालं. ती षष्ठी आहे. गवत म्हणजे फ्येर, पण ‘तो गवत कापतोय’ म्हणताना फ्येरचं रूप बदलून ‘फ्येर्य’ होतं, कारण मनात ‘गवताच्या कापणीपाशी’ असं वाक्य असतं. मराठीतली ही ‘च्या’ मनात ठेवलीत की आयरिश षष्ठी विसरायची नाही.

दुसरा, ‘काढणं’ या अर्थी. इथे कर्म आधी येतं, मग ‘अ’, मग तोंड बदललेलं नाम: मोन्य अ वान्त्य. टर्फ काढणं. एरवी आयरिश वाक्यात क्रियापद सगळ्यात पुढे असतं, पण इथे क्रम अगदी आपल्यासारखा. ‘बा वाह लुम त्रिअल्य अ वान्त्य अस’ म्हणजे ‘मला ते करून बघायला आवडेल’.

आणखी एक रूप, बान्त्ये, म्हणजे ‘काढलेलं’. ‘ता अन वोन्य बान्त्ये’, टर्फ काढून झालाय.

खरी किल्ली: पुढचा छोटा शब्द

इथपर्यंत व्याकरण झालं. अर्थ ठरतो तो क्रियापदाबरोबर येणाऱ्या शब्दयोगी शब्दावरून. मराठीत हे शब्द नामानंतर येतात, आयरिशमध्ये नामाआधी येतात, आणि सर्वनामाशी मिसळून एकच शब्द बनतो. म्हणून बान्यचे अर्थ सुटे पाठ करू नका. ‘बान्य अस’, ‘बान्य द्ये’ अशी जोडी पाठ करा.

‘द्ये’ म्हणजे वरून. जे अंगावर किंवा वस्तूवर चढलेलं आहे ते उतरवायचं. माझ्यावरून म्हणजे दीम, तुझ्यावरून दीत, त्याच्यावरून द्ये, तिच्यावरून दी, आपल्यावरून दीन, तुमच्यावरून दीव. ‘त्यांच्यावरून’ हेही ऐकायला दीवच, फक्त शेवटचा व रुंद. आजींचं वाक्य आता उलगडतं: बान्य, काढ, दीत, तुझ्या अंगावरून, द खोता, तुझा कोट. मराठीत ‘अंगावरून’ म्हणावं लागत नाही, आयरिशमध्ये दीत टाळता येत नाही. ‘बान्य अन ग्लस द्यन दोरस’, दाराचं कुलूप काढ.

‘अस’ म्हणजे आतून. हा सगळ्यात मोठा संसार. माझ्यातून असम, तुझ्यातून असत, त्याच्यातून अस, तिच्यातून अश्ति, आपल्यातून असिन, तुमच्यातून असिव, त्यांच्यातून अस्तू. आता ही यादी मराठीशी लावून बघा. किअल अ वान्त्य अस, अर्थ काढणे. क्योल अ वान्त्य अस, वाद्यातून सूर काढणे. कान्त्य अ वान्त्य अस, एखाद्याकडून बोलणं काढून घेणे. गारे अ वान्त्य अस, हसवणे. सुल्त म्हणजे मजा, तेव्हा ‘बान्य सुल्त अस’ म्हणजे मजा कर, आनंद घे; जेवण वाढताना किंवा नाटकाला निघालेल्याला हेच म्हणतात. ऊसाद्य म्हणजे वापर, ‘बान्य ऊसाद्य अस’, ते वापर. आणि त्रिअल्य म्हणजे परीक्षा, ‘बान्य त्रिअल्य अस’, करून तर बघ.

याच ‘अस’बरोबर ते कर्ता नसलेलं बान्यू आलं की आयरिश भाषेतली माझी सगळ्यात आवडती वाक्यं तयार होतात. ‘बान्यू गेत्य असम.’ माझ्यातून दचक काढला गेला, म्हणजे मी दचकले. ‘बान्यू तिश्ले असम.’ मला ठेच लागली. ‘बान्यू शिअर असम.’ मी चकित झाले. कुणी काढलं, हे सांगितलेलं नाही. आपणही ‘मी ठेच घेतली’ म्हणत नाही, ‘मला ठेच लागली’ म्हणतो. जे माणसाच्या हातात नाही त्याचा कर्ता माणसाला करायचा नाही, ही समज दोन्ही भाषांत आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे वाक्य विचित्र वाटतं, आपल्याला वाटू नये.

‘अमाख’ म्हणजे बाहेर. बान्य आणि अमाख मिळून मिळवणे, गाठणे. वान्य शी काल्य अमाख, तिने नाव काढलं. वान्य शे केम अमाख, त्याने पदवी मिळवली. वान्य शी गाल्यिव अमाख, ती गॉलवेला पोचली. जे मिळवायचं ते सहसा मधे येतं आणि अमाख शेवटी राहतं. सुरुवातीला हाच क्रम पाळा.

‘ले’ म्हणजे बरोबर, शी. इथे काढण्याचा अर्थ पार सुटतो आणि संबंधाचा येतो. नी वान्यन शे लॅत, त्याचा तुझ्याशी संबंध नाही. आवाज चढवून म्हटलं तर ‘तुला काय करायचंय?’ नामरूपही याच अर्थाने चालतं: नील एन वान्त्य अगम लेश, माझा त्याच्याशी काही संबंध नाही. सरकारी कागदात ‘अ वान्यन ले’ म्हणजे ‘संबंधित’. आणि ‘ना बान्य लेश’ म्हणजे त्याला हात लावू नकोस.

‘दो’ बरोबर आलं की घडणे: क्येर्द अ वान्य दित्य? तुला काय झालं?

मग घंटेचं काय?

क्लोग अ वान्त्य म्हणजे घंटा वाजवणे. हे काढण्यात कुठे बसतं? इथे शब्दाचा इतिहास कामी येतो. आजच्या बान्यमध्ये जुन्या आयरिशमधली दोन क्रियापदं मिसळली आहेत. एक मारणे, प्रहार करणे, तोडणे अशा अर्थाचं, आणि दुसरं मोडणे, पिकाची कापणी करणे अशा अर्थाचं. घंटेवर पडतो तो टोला पहिल्यातून आला. ‘हात लावणे’, ‘संबंध असणे’ ही छटाही त्याच बाजूची. बटाटे आणि गवत दुसऱ्यातून.

आणि हे दुसरं, बोंगिद, संस्कृतच्या भनक्तीचं सख्खं भावंड आहे. धातू भञ्ज्, मोडणे. त्यातूनच आपला भंग आला, आणि अभंगही. हे कळलं त्या संध्याकाळी मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीत बसले होते.

जिथे मराठीची साथ सोडायची

‘काढणे’ सगळीकडे पुढे दामटू नका. फोटो काढणे याला बान्य नाही, तिथे उचलणे या अर्थाचं ‘तोग’ लागतं. चित्र काढताना ओढणे या अर्थाचं ‘तारिंग’. गाईची धार काढण्यासाठी स्वतंत्र क्रियापद आहे: बो अ ख्रू. यातली ‘बो’ म्हणजे गाय, आपल्या ‘गो’चीच नातलग. तिकीट काढायचं नसतं, विकत घ्यायचं असतं. दिवस, झोप, समजूत, आठवण यांतलं काहीच बान्यने निघत नाही. सोपी कसोटी अशी: ‘कशातून?’ किंवा ‘कशावरून?’ असं विचारून बघा. सरळ उत्तर मिळालं तर बान्य चालण्याची शक्यता चांगली. पण शंका असेल तर कोशात जोडीसकट शोधा.

सराव

आठवडाभर रोज एकच जोडी घ्या आणि तिची सगळी सर्वनामं मोठ्याने म्हणा. पहिले दोन दिवस ‘अस’ला द्या, एक पुरत नाही. कानासाठी राद्यो ना गेलत्याख्ता हे आयरिश भाषेचं सरकारी रेडिओ केंद्र १९७२ पासून चालू आहे आणि जगात कुठूनही ऐकता येतं. बातम्यांत फक्त ‘बान्य’, ‘वान्य’, ‘मान्य’ हे तीन आवाज टिपायचे आणि प्रत्येकाच्या पुढचा छोटा शब्द वहीत लिहायचा. बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

मग ही वाक्यं उत्तर झाकून करून बघा. ‘इथे बटाटे काढतात’: बान्त्यर फाती अन्शो. ‘ती दचकली’: बान्यू गेत्य अश्ति. इथे ‘शी’ घालायचा मोह होतो, पण वाक्यात ती कर्ता नाहीच. ‘मुलांनो, बूट काढा’: बानिगी दीव वुर म्रोगा. बूट म्हणजे ब्रोगा, आणि ‘तुमचे’ या शब्दाने त्याचंही तोंड म केलं. ‘तू कोट काढलास का?’: अर वान्य तू दीत द खोता? आणि याचं उत्तर, कोट खुंटीला लावता लावता, एका शब्दात: वान्य.